मागे घेतलेलं वाण

“वाण परत न्यायला आलेय,” आत्या म्हणाल्या.

कुसुमकाकू माझ्यासाठी, आत्यांच्या नव्या सुनेसाठी, हळद-कुंकवाचा करंडा आणायला आत वळल्या होत्या. त्या अर्ध्या वळणावरच थांबल्या. त्यांची नजर आधी आत्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली, मग आत्यांच्या खांद्यावरून रस्त्यात उभ्या असलेल्या माझ्या कपाळावर येऊन टेकली. मी हातगाडीची दांडी धरून उभी होते. घरातून निघतानाच आत्यांनी मला बजावलं होतं, की कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

“कसलं वाण?”

“संक्रांतीला शैलानं दिलेली विजेची किटली.”

“द्वारकाबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?” कुसुमकाकूंचा आवाज खाली आला. “पोरीची पहिली संक्रांत. दिलेलं वाण परत मागतं का कुणी? नवरा एसटी चालवतो तिचा. रोज येडशीचा घाट उतरतो. काही विचार?”

“ती बाहेर उभी आहे. मागतेय मी. आणा किटली.”

 काकू आत गेल्या आणि कपाटाच्या वरून, जुन्या परकरात गुंडाळलेली किटली घेऊन आल्या. आत्यांनी विचारलं, वापरत नव्हता का? काकू म्हणाल्या, वापरायचे की, चांगली आहे तशी, फक्त हात लावला की मुंग्या येतात. कोपरापर्यंत. म्हणून आपली वर ठेवून दिली.

“मग सांगितलं का नाही?”

“वाणाला नावं ठेवतात होय?” काकू म्हणाल्या.

आत्यांनी किटली माझ्या हातगाडीत ठेवली, आणि आम्ही पुढच्या दाराकडे निघालो.

*

माझं लग्न त्या वर्षी मार्गशीर्षात झालं होतं. बार्शीतल्या आमच्या गल्लीत मी सगळ्यांत नवी सून. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या माहेरी सासूला आत्या म्हणायची रीत होती, तीच त्यांनी माझ्या तोंडी बसवली. त्या शिवणकाम करायच्या. यंत्राच्या पायट्यावर पाय पडला की त्यांच्या तोंडी ओवी यायचीच, दुसऱ्या बायकांच्या तोंडी जात्यावर यावी तशी. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे आमच्या घरात हळदीकुंकू असं झालंच नव्हतं. मी आले आणि आत्यांनी नवं कापड शिवायला घ्यावं तशा हौसेनं माझी संक्रांत मापून, बेतून तयार केली.

वाण काय द्यायचं यावर त्यांनी मनात फार घोळवलं. कंगवे नकोत, प्लास्टिकचे डबे नकोत. त्या वर्षी थंडी अशी होती की पाणीसुद्धा घागरीत अंग चोरून बसायचं. पहाटे उठून चूल नाहीतर स्टोव्ह पेटवणाऱ्या बायकांना एक घोट चहा विनासायास मिळावा, असं त्यांच्या मनात आलं. नलिनीताई देवकुळ्यांचे ब्लाउज द्यायला त्या गेल्या, तेव्हा ते बोलून गेल्या. नलिनीताईंच्या यजमानांचा औद्योगिक वसाहतीत कारखाना होता, ‘सौख्यदीप’ नावाचा. तिथं विजेच्या किटल्या बनत. नलिनीताईंनीच यजमानांना सांगून गल्लीला पुरतील एवढ्या काढून दिल्या. खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, पाणी आटलं की आपोआप बंद होणार.

मी ताट घेऊन ओटीवर बसले. बायका येत होत्या, मी हळदकुंकू लावत होते, तिळगूळ देत होते, किटली हातात ठेवत होते. आत्या आतल्या दाराआड उभ्या होत्या. सणाला विधवेनं पुढं येऊ नये, ही गल्लीची रीत. मी मधेच वळून बघितलं, तर त्या दाराच्या फटीतून प्रत्येकीचा चेहरा बघत होत्या, आणि प्रत्येकीचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं. रात्री भांडी आवरताना त्या गुणगुणल्या,

दिलं दान, दिलं वाण, मागं वळून पाहू नये,
पेरल्यालं दाणं बाई, उकरून खाऊ नये.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी सुलोचनावहिनींच्या घरातून धूर आला.

सुलोचनावहिनी म्हणजे पलीकडच्या भिंतीच्या. यजमान शाळेत मास्तर. धावपळ होऊन विझलं सगळं, पण वहिनींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, स्टोव्हचा भडका झाला. सगळ्यांनी मान्य केलं. स्टोव्हचे भडके कुणाला नवीन होते?

आत्या मात्र वहिनींच्या स्वयंपाकघरात ओटा पुसायला गेल्या. मी बादली घेऊन मागे. स्टोव्ह कोपऱ्यात तसाच होता, स्वच्छ, पिन वर टोचून ठेवलेली. आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीतल्या खटक्याखाली, काळा गोळा चिकटून बसला होता. त्यातून किटलीची चोच तेवढी वर आलेली. खटक्यापासून वर छतापर्यंत भिंत काजळली होती. आत्यांनी त्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी वहिनींच्या उशाशी बसून एवढंच विचारलं, “स्टोव्ह?”

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहिलं. पाणी आटलं, आपोआप बंद होईल म्हणून त्या अंगण झाडत राहिल्या होत्या. परत आल्या तेव्हा किटली पेटलेली. विझवायला फडकं घेऊन गेल्या आणि वितळलेलं प्लास्टिक हातावर आलं.

“तुमच्या सुनेचं पहिलं वाण, द्वारकाकाकू,” त्या म्हणाल्या. “त्यानं माझा हात जाळला, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पोरीच्या कपाळाला बोल लागला असता.”

मी खाटेच्या पायाशी उभी होते. माझ्या हातानं दिलेलं वाण. माझ्याच हाताला गुण नाही, असं मला वाटलं, आणि आत्यांनाही तसंच वाटत असणार असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन कारखान्यात गेल्या. देवकुळे गोड माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, वहिनींच्या हाताबद्दल चुकचुकले. मग म्हणाले, बायकांच्या वापरण्यात चुका होतात, पदर जवळ असतो, ओला हात असतो. आणि टेबलावर नवी कोरी किटली ठेवली, वहिनींसाठी.

“एवढा माल गावात आणि गावाबाहेर गेला, द्वारकाबाई,” ते म्हणाले. “एकही तक्रार नाही. एक म्हणजे एकही नाही. वस्तूत खोट असती तर कुणीतरी बोललं नसतं का?”

आत्यांनी ती नवी किटली घेतली नाही.  वेशीजवळ आल्यावर त्या मधेच थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, “वाणाची तक्रार कोण करतंय?”

घरी आल्यावर त्यांनी यंत्रावरचं अर्धं शिवलेलं ब्लाउज बाजूला सारलं आणि दिनकरना, माझ्या यजमानांना, कुणाची तरी हातगाडी मागून आणायला सांगितली. दिनकर म्हणाले, आई, अगं निदान घरोघरी सांगून ये, वापरू नका म्हणून. परत कशाला मागायचं? आत्या म्हणाल्या, वस्तू घरात राहिली की एक दिवस हात जातोच. थंडी वाजते, रॉकेल संपतं, पाहुणा येतो. आणि आपण दिलेली वस्तू आहे, दिनू. कारखान्यानं केली, पण त्यांच्या चुलीपर्यंत आपण पोचवली.

*

तर अशी ती हातगाडी.

घरोघरी एकच घडलं. आधी दार अडखळायचं, मग तोंडं वाकडी व्हायची, मग किटली बाहेर यायची आणि तिच्याबरोबर एक दडवलेली गोष्ट. एकीकडे प्लास्टिक करपल्याचा वास यायचा, म्हणून ती खिडकी उघडी ठेवून चहा करायची. एकीकडे खटका काळा झाला होता, तिनं त्यावर देवीचं कॅलेंडर लावून टाकलं होतं. शिंदेबाईंच्या सासऱ्यांना झटका बसला होता. म्हाताऱ्यांना वाटलं, वय झालं. कुणी कुणाला एक अक्षर बोललं नव्हतं. शेजारणी-शेजारणी भिंतीला भिंत लावून राहत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, की आपल्यालाच नीट वापरता येत नाही.

लंकेमावशींनी मात्र दार लावूनच घेतलं. त्या आतून म्हणाल्या, वाण परत देणाऱ्याचंही कुंकू जातं, मी देणार नाही. आत्या त्यांच्या पायरीवर बसल्या. उन्हं कलली, गायी परत आल्या, तरी बसल्याच होत्या. मी दांडी धरून पाय बदलत उभी. शेवटी दाराची फळी किलकिली झाली.

“द्वारके, ऊठ आता, लोक बघतायत.”

“बघू दे. तुझी सून सकाळी लेकराला कडेवर घेऊन दूध गरम करते त्यात. मी बघितलंय.”

“आणि उद्या तुझ्या दिनकरच्या गाडीला काही झालं तर? मला बोल लावशील.”

“नाही लावणार. नीट बघ, मागायला कोण बसलंय तुझ्या दारात.”

लंकेमावशींनी बघितलं. आधी आत्यांकडे, मग लांब रस्त्यात माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्या किटली घेऊन आल्या आणि पदरानं पुसून आत्यांच्या मांडीवर ठेवली. मला कळलं नाही त्यांनी काय बघितलं ते. मला वाटलं, पांढऱ्या पायाची सून लांब उभी केलेली बघितली. मी मान खाली घातली. परतताना हातगाडी जड झाली होती, आणि आत्या दांडीला दुसऱ्या बाजूनं हात लावून चालत होत्या. हलक्या आवाजात त्यांची ओवी चालली होती, पण शब्द बदलले होते.

पेरल्यालं दाणं बाई, कीड लागता उकरावं,
लेकीबाळींच्या ताटातलं, विख आधी उतरावं.

*

रथसप्तमीला नलिनीताईंकडे हळदीकुंकू असे. कारखान्याच्या आवारातच त्यांचा बंगला, आणि गावातल्या सगळ्या बायकांना बोलावणं. रथसप्तमीनंतर वर्षभर वाण नाही. आत्यांनी आदल्या दिवशी गल्लीतून एक फेरी मारली होती. काय बोलल्या ते मला माहीत नव्हतं. पण त्या दुपारी बायका आमच्या दारात जमल्या. ठेवणीतली लुगडी, नाकात नथी. आत्यांनी हातगाडीतली एकेक किटली ज्या घरची त्या बाईच्या हातात दिली, वाटून उरलेली एक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, पदराखाली घ्या. सुलोचनावहिनीही आल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला.

बंगल्याच्या फाटकाशी मी थांबले. आता सवयच झाली होती. आत्या मागं वळल्या.

“चल की.”

“मी? तुम्हीच म्हणालात, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. बोलायचं नाही.”

“ते मागायला गेलो होतो तेव्हा.” त्यांनी माझ्या पदराचा निसटलेला शेव खांद्यावर नीट बसवला, शिवलेलं कापड अंगावर बघतात तसं. “परत मागितलं की मागणाऱ्याच्या कुंकवाला बाधतं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण खरं असलंच तर माझ्या कपाळावर आता घ्यायला काय आहे, शैला? त्यानं यावं आणि रिकामं परत जावं. म्हणून मागणं सगळं माझं. आज द्यायचंय. देणं तुझं.”

 त्यांनी मला बोलायलाही वेळ दिला नाही. पाठीला हात लावून मला आत ढकललं, आणि स्वतः व्हरांड्याच्या खांबाशी थांबल्या.

दिवाणखान्यात सतरंजी होती, अत्तर होतं. देवकुळे पांढऱ्या सदऱ्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसले होते, आल्या-गेल्याला नमस्कार करत. नलिनीताईंनी मला हळदकुंकू लावलं. मीही त्यांना लावलं, तांदळानं ओटी भरली, आणि म्हणाले, “ताई, माझी पहिली संक्रांत. तुमचं वाण राहिलं होतं.” आणि पदराखालची किटली त्यांच्या हातात ठेवली.

नलिनीताई हसल्या. “अगं, ही तर आमच्याच घरची.”

“मग वापरता ना घरात?” कुसुमकाकूंनी विचारलं.

“आमच्यात कुठली? ह्यांनी कधी आणलीच नाही. चांभाराच्या दारात चपला नाहीत म्हणतात, तसंच,” असं म्हणत त्या किटली उलटीसुलटी करून बघू लागल्या. त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं.

“आता आलीय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवीन वाटला. “वाण ठेवून द्यायचं नसतं, ताई. वापरायचं असतं. लावा आत्ता, सगळ्याजणी चहा घेऊ.”

“लावते की, त्यात काय!” नलिनीताईंनी तांब्यातलं पाणी किटलीत ओतलं आणि तार उलगडत भिंतीतल्या खटक्याकडे निघाल्या. आम्ही सगळ्या बघत होतो. त्या वाकल्या.

“नलू, हात लावू नकोस त्याला.”

देवकुळे उठून उभे राहिले होते. ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण त्यांचा एक हात पुढे आलेला होता, रस्त्यावर धावणाऱ्या लेकराला थांबवायला येतो तसा.

नलिनीताई वाकलेल्याच राहिल्या. “का?”

 मागून सुलोचनावहिनी पुढं आल्या आणि त्यांनी दुसऱ्या हातानं गळ्यातली झोळी सोडून भाजलेला हात नलिनीताईंच्या समोर धरला. मग कुसुमकाकूंनी पदराखालची किटली काढून देवकुळ्यांच्या पायाशी ठेवली. “हाताला मुंग्या येतात,” त्या म्हणाल्या. शिंदेबाई म्हणाल्या, “मामंजींना झटका बसला.” एकेक किटली खाली टेकत होती, एकेक वाक्य. शेवटी लंकेमावशी आल्या. त्यांना वाकायला त्रास व्हायचा. त्यांनी किटली खुर्चीतच ठेवली, साहेब उठले होते त्या जागी.

“एक म्हणजे एकही तक्रार नव्हती ना साहेब,” त्या म्हणाल्या. “मोजून घ्या.”

“तुम्हाला माहीत होतं?” नलिनीताईंनी विचारलं.

देवकुळे तिथं एवढ्या बायका उभ्या आहेत हे विसरून बायकोशीच बोलल्यासारखे बोलले. आपोआप बंद करणारा सुटा भाग मिळत नव्हता. खोकी छापून आली होती. संक्रांतीचा हंगाम. माल अडकला असता. पुढच्या खेपेला बसवणारच होतो. कुणी बोललं असतं, तर लगेच मागे घेतला असता.

“कुणी बोललं नाही, म्हणून?”

ते खुर्चीकडे वळले. तिथं किटली होती. ते उभेच राहिले.

नलिनीताईंनी किटलीतलं पाणी खिडकीतून बाहेर ओतलं. किटली मात्र खाली ठेवली नाही. “हे वाण मी घेतलंय,” त्या यजमानांना म्हणाल्या. “मला ते टाकता येत नाही. आता ह्याचं काय करायचं ते मी सांगेन, आणि तुम्ही ऐकायचं.”

खांबाशी उभ्या असलेल्या आत्यांनी तेव्हा कुठं कमरेची पानसुपारीची चंची काढली.

*

पुढच्या आठवडी बाजारात एक रिक्षा फिरली, भोंगा लावलेली. सौख्यदीपची किटली वापरू नका, पेट घेते, कारखान्यात आणून द्या. आवाज नलिनीताईंचा होता. तो मग वैरागला फिरला, पानगावला फिरला, जिथं जिथं माल गेला होता तिथं फिरला. कारखान्याच्या फाटकाशी किटल्यांचा ढीग दिसायचा. सुलोचनावहिनींच्या मास्तरांनी ग्राहक मंचाकडे दाद मागितली. तिथल्या सुनावण्यांना सगळी गल्ली जायची, आत्या पुढं आणि मी त्यांच्या शेजारी. मंचानं निकाल दिला, की चूक वापरणाऱ्या बाईची नव्हे, बनवणाऱ्याची. दिनकरची गाडी येडशीचा घाट रोज उतरत राहिली, रोज चढत राहिली. तिला काही झालं नाही.

पण दुसऱ्या संक्रांतीला ताट मांडताना मी पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते. परत मागून नेलेलं वाण गल्लीनं बघितलं होतं. अशा घरी कोण येणार? या वेळी स्टीलच्या वाट्या होत्या, साध्या. मी ओटीवर बसले. बराच वेळ कुणी आलं नाही. रस्त्यावरून दुसऱ्यांच्या घरचं हळदकुंकू लावून घेतलेल्या बायका जाताना दिसत होत्या.

मग सुलोचनावहिनी आल्या. सगळ्यांत आधी त्या. त्यांनी उजवा हात पुढं केला. कातडी गुलाबी आणि ताणलेली होती, आणि कुठं हळद लावावी ते मला कळेना. “लाव की, आता दुखत नाही,” त्या म्हणाल्या. मी लावली. वाटी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी वाटी उलटी केली, नखानं वाजवली, मग अंगठा सगळ्या काठावरून फिरवला. एका ठिकाणी अंगठा थांबला.

“शैला, कड धारेला आहे गं इथं. लेकराचं बोट कापेल.”

बाहेर पायरीशी आणखी काहीजणी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि सगळ्या आत्यांकडे बघू लागल्या.

“इकडं आण,” आत्या म्हणाल्या.

त्या वर्षी त्या आतल्या दाराआड उभ्या नव्हत्या. माझ्या शेजारी ओटीवर, पाटावर बसल्या होत्या, मांडीवर जाड फडकं अंथरून. त्यांनी वाटी घेतली, कानस उचलली आणि काठ घासायला लागल्या.

“बाकीच्यांनीही बघून घ्या गं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “मी इथंच बसलेय.”